राबणाऱ्या मुलांचं मन : वाद कुठवर आला आहे

छत्तीसगडमधल्या भिलाईत मुलांच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघाला की गाडी हमखास कोचिंग क्लासवर येऊन थांबते. त्याला कारण आहे. १९५५च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने इथे कायम नोकरीवाल्या कामगारांची एक पिढी घडवली. त्या पिढीने मुलांना शिकवलं, पण मुलं नोकरीच्या वयाची झाली तोवर कारखान्यातली भरती आटली होती. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञांनी या शहराचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१२ साली त्यांनी भिलाईतल्या आत्महत्यांवर लिहिलं, तेव्हा त्यांचा रोख कंत्राटी मजुरांपेक्षा या सुस्थित कामगारवर्गावर आणि त्यांच्या शिकलेल्या, पण बापासारखी नोकरी न मिळालेल्या मुलांवर होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आत्महत्यांच्या दरात दुर्ग-भिलाईनगरचं नाव पुन्हापुन्हा वर आलेलं आहे. त्यामुळे पालकसभेत ताण म्हणजे परीक्षेचा ताण, हे गृहीतच असतं.

वैशाली नगर हा कारखान्याच्या टाउनशिपबाहेरचा भाग. निवृत्त कर्मचाऱ्यांची घरं, व्यापाऱ्यांची दुमजली घरं, दर चार फाटकांनंतर ट्यूशनची पाटी. शेजारी सुपेला, कोहका, रामनगर. त्या बाजूला हॉटेलात कपबश्या विसळणारा मुलगा आहे, गोणी खांद्यावर टाकून भंगार वेचणारी पोरं आहेत, आणि आई चार घरची धुणीभांडी उरकून येईपर्यंत धाकट्याला कडेवर घेऊन भात रांधणारी दहा वर्षांची मुलगी आहे. या मुलांच्या मनावर कामाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न गेल्या तीसेक वर्षांत जगभर अभ्यासला गेला. सगळे अभ्यास समोर ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते : उत्तर 'वाईट होतो' या दोन शब्दांत संपत नाही, आणि 'कामाने मूल शहाणं होतं' या आजोबांच्या पिढीच्या समजुतीलाही ते पुरता आधार देत नाही.

गिरणीपासून २०१६पर्यंत

मराठी मुलखात हा धागा मुंबईच्या कापडगिरण्यांपर्यंत मागे नेता येतो. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही तेव्हा सवलत होती! १८९१च्या कायद्याने किमान वय नऊ केलं आणि नऊ ते चौदा वयासाठी तास सातवर आणले. या दहा वर्षांच्या मध्यावर, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. त्याच्या दोन वर्षं आधी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, अशी मागणी केली होती. गोखल्यांचं १९११चं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कामाचे तास आणि वय बांधून द्यायचं की मुलाला थेट शाळेत बसवायचं, हे दोन रस्ते असे शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच आखले गेले होते.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २४व्या कलमाने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांतून वगळलं. १९७९च्या गुरुपादस्वामी समितीने मांडणी केली की गरिबी आहे तोवर बालमजुरी सरसकट बंद करणं अवघड आहे. म्हणून धोक्याच्या कामांवर बंदी घालावी, बाकीच्या कामांचं नियमन करावं. १९८६चा बालमजुरीचा कायदा याच विचारातून आला. १९९६ साली एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाकडून प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये वसूल करून पुनर्वसन निधीत टाकायला सांगितलं. ऑक्टोबर २००६मध्ये घरकाम, ढाबे आणि हॉटेलं बंदीच्या यादीत आली. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. मग २०१६ची दुरुस्ती : चौदाच्या आत सगळ्याच कामांना बंदी, मात्र घरच्या बिनधोक धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावणं आणि कलाकार म्हणून काम करणं याला मुभा, चौदा ते अठरा या वयात फक्त खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटकं आणि धोकादायक औद्योगिक प्रक्रिया वर्ज्य.

हा सगळा इतिहास सलग वाचला की लक्षात येतं, धोका म्हणताना कायद्याच्या डोळ्यांपुढे शरीर आहे. बोट जाईल, फुप्फुसात धूळ जाईल, आग लागेल, रसायन उडेल. मनाचा उल्लेख आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत सापडतो. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं ३२वं कलम मुलाच्या शारीरिक विकासाबरोबर मानसिक, नैतिक आणि सामाजिक विकासाचंही नाव घेतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९९ची १९० क्रमांकाची शिफारस तर जास्त नेमकी आहे. मुलाला शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक छळाला तोंड द्यावं लागतं असं काम आणि मालकाच्या जागेत विनाकारण कोंडून ठेवणारं काम, ही दोन्ही ती धोक्याच्या कामांत धरते. आपल्या कायद्याच्या परिशिष्टात या दोन्हींना जागा मिळालेली नाही. पुढच्या बऱ्याच वादाचं मूळ या फटीत आहे.

मोजमाप काय सांगतं

आधी आकार. श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५च्या अहवालानुसार २०२४मध्ये जगात सुमारे १३.८ कोटी मुलं बालमजुरीत होती, त्यांतली ५.४ कोटी धोक्याच्या कामात. भारताचा अधिकृत आकडा अजून २०११च्या जनगणनेचाच आहे : ५ ते १४ वयाची सुमारे १.०१ कोटी काम करणारी मुलं, त्यांतली सुमारे ४३.५ लाख वर्षातला मोठा काळ काम करणारी. या दुसऱ्या गटात महाराष्ट्राची जवळपास पाच लाख आणि छत्तीसगडची सुमारे ६४ हजार मुलं होती.

आता मन. अदिस अबाबात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात काम करणाऱ्या मुलांपैकी २०.१ टक्क्यांना मानसिक किंवा वर्तनाचे विकार आढळले, काम न करणाऱ्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होतं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असे अभ्यास एकत्र करून स्टरॉक आणि होड्स यांनी २०१६मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणारे अभ्यास मोजकेच होते, पण बहुतेकांत बालमजुरी आणि मानसिक अस्वास्थ्य हातात हात घालून चालताना दिसली. वय जितकं लहान आणि तास जितके जास्त तितका धोका मोठा, आणि दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मुलांची स्थिती जास्त नाजूक, असंही त्यात पुढे आलं. भारतातल्या मुलांवर सायमन फीनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आजाराच्या निदानापेक्षा आनंद, आशा, स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास अशा गोष्टी मोजतो. त्यातही राबणारी मुलं मागे दिसली.

इथवर चित्र एकसुरी आहे. पण हातात हात घालून चालणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. मूल कामाला लागतं तेव्हा घरात सहसा आधीच काहीतरी मोडलेलं असतं. बाप दारूत बुडालेला, आई आजारी, कर्जाचा तगादा, कुणाचा मृत्यू. मुलाच्या उदासीचा किती वाटा कामाच्या पदरात टाकायचा आणि किती त्या घराच्या, हे एका भेटीत भरलेल्या प्रश्नावलीतून वेगळं काढता येत नाही. उलट दिशेचीही अडचण आहे. कुठलाही बाप धडधाकट, चुणचुणीत पोराला आधी कामाला लावतो, खंगलेल्याला नाही. आणि कामावर जे मूल कोलमडतं ते तिथून नाहीसं होतं, म्हणजे अभ्यासकाला भेटतच नाही. त्यामुळे कामावरची मुलं प्रत्यक्षापेक्षा बरी दिसू शकतात.

मोजायच्या साधनाचाही प्रश्न आहे. असे अभ्यास रॉबर्ट गुडमन यांच्या १९९७च्या बलस्थानं-अडचणी प्रश्नावलीसारखी साधनं वापरतात. तिची एक आवृत्ती पालकांसाठी, एक शिक्षकांसाठी आणि एक अकरा वर्षांपुढच्या मुलांनी स्वतः भरायची. जे मूल शाळेतच जात नाही त्याचा शिक्षक कुठून आणायचा? पालक चारशे किलोमीटरवर असतील तर पालकांची आवृत्ती कुणी भरायची? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडही होतं, आणि १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचा अंदाज त्यातून निघाला. पण ते सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलेलं. ढाब्याच्या मागच्या खोलीत झोपणारा मुलगा कुठल्याच घराच्या यादीत येत नाही.

तुलना कुणाशी करायची हाही मुद्दा भिलाईसारख्या शहरात खटकतो. काम न करणारं मूल म्हणजे सुखी मूल, असं तुलनेच्या गटाबद्दल धरून चालतात. वैशाली नगरमधला नववीपासून आयआयटीच्या तयारीला जुंपलेला मुलगा त्या गटात बसवला तर दोन्ही गटांतलं अंतर कमी दिसेल. त्याचा अर्थ मजुरी बिनधोक आहे असा मात्र काढता येणार नाही.

श्रीमंत देशांतले दीर्घकालीन अभ्यास या गुंत्यात थोडा उजेड पाडतात. ग्लेन एल्डर यांनी अमेरिकेतल्या महामंदीतल्या मुलांचा आयुष्यभर माग काढला. मंदी आली तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते आणि घराला हातभार लावू लागले, ते पुढे बरेच सावरले. पण जे तेव्हा अगदी लहान होते, विशेषतः मुलगे, त्यांच्यावर घरातल्या हलाखीचे ओरखडे जास्त काळ राहिले. वय इथे निर्णायक ठरलं. पुढे ग्रीनबर्गर आणि स्टाइनबर्ग यांनी १९८६मध्ये शाळकरी मुलांच्या नोकऱ्यांबद्दल धोक्याची घंटा वाजवली, तर जेलन मॉर्टिमर यांनी सेंट पॉल शहरातल्या मुलांचा पाठपुरावा करून २००३ साली लिहिलं की थोडे तास, सातत्याने आणि शाळा सांभाळून केलेलं काम बहुतेकांना बाधलं नाही. हे निष्कर्ष जसेच्या तसे सुपेल्यात आणून ठेवता येत नाहीत. सेंट पॉलमधल्या मुलाच्या कमाईवर घरची चूल पेटत नव्हती. पण काम आणि मन यांच्यातला संबंध सरळ रेषेत जात नाही, एवढं त्यांतून नक्की कळतं.

बाजू

पहिली बाजू शाळेची आहे. मायरन वायनर यांनी १९९१च्या पुस्तकात म्हटलं की भारतात बालमजुरी टिकली ती निव्वळ गरिबीमुळे नव्हे. कष्टकऱ्यांच्या मुलांनी शिकायलाच हवं असं इथल्या शिकलेल्या वर्गाला वाटत नाही, म्हणून ती टिकली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने हीच भूमिका कामात उतरवली : शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालमजूर, मग ते शेळ्या राखत असो की घरी भावंडं. या बाजूने पाहिलं तर मनावरचा परिणाम वेगळा सिद्ध करत बसण्याची गरजच नाही; शाळा, बरोबरीची मुलं आणि खेळ हिरावले जाणं हीच इजा आहे.

दुसरी बाजू मुलांच्या म्हणण्यापासून सुरू होते. मार्टिन वुडहेड यांनी नव्वदच्या दशकात अनेक देशांतल्या काम करणाऱ्या मुलांना विचारलं, तुम्हाला काय बोचतं? मुलांनी ओझ्याइतकीच, कधी त्याहून जास्त, अपमान, मार आणि मजुरी बुडवण्याची तक्रार केली. आणि घराला उपयोगी पडतो याचा अभिमानही सांगितला. याच सुमारास बंगळुरूमध्ये भीमा संघ ही काम करणाऱ्या मुलांची स्वतःची संघटना उभी राहिली होती. १९९६मध्ये कर्नाटकातल्या कुंदापूरला अनेक देशांतली काम करणारी मुलं जमली आणि त्यांनी आमच्या कामाला मान द्या, काम आणि शिक्षण दोन्ही सांभाळता येऊ द्या, अशी मागणी केली. मुलांनी बनवलेल्या मालावर बहिष्कार टाकण्याला त्यांनी विरोध केला. मायकेल बूर्डियाँ आणि सहलेखकांचं २०१०चं पुस्तक याच धारेतलं.

पहिली बाजू यावर विचारते : ज्याने दुसरं काही पाहिलंच नाही त्याचा अभिमान कितपत प्रमाण मानायचा? प्रश्न रास्त आहे. दुसरी बाजू उलट विचारते : मुलाचं म्हणणं फक्त आपल्या मताशी जुळलं तरच ऐकायचं का? तोही रास्त आहे.

सुपेल्याच्या बाजाराकडे जाताना दुचाकी दुरुस्तीच्या टपऱ्या लागतात. तिथल्या एका टपरीवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा रॉकेलच्या डब्यात चेन घासत बसलेला असायचा. वय विचारलं की न अडखळता 'पंद्रह' म्हणायचा; हे उत्तर त्याला पढवलेलं होतं. उस्ताद चुकलं की डोक्यावर टप्पल मारायचा, गिऱ्हाइकांसमोर. तोच उस्ताद एका दुपारी त्याला टॅपेटमधली फट जुळवायला शिकवत होता : पातळ पत्ती घालायची, ती घासत सरकली पाहिजे, सैल नको, अडकायलाही नको. मुलाने तिसऱ्या खेपेला ती बरोबर लावली आणि इंजिनचा खडखड आवाज थांबला, तेव्हा त्याने आधी उस्तादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एम. व्ही. फाउंडेशनचा कार्यकर्ता म्हणेल, मंगळवारी दुपारी बाराला हा सातवीच्या वर्गात हवा होता. वुडहेड विचारतील, त्याला ती टप्पल जास्त लागली की रॉकेल? दोघेही बरोबर असू शकतात, आणि त्या मुलाच्या बाबतीत मला दोन्ही खरं वाटलं.

तिसरी बाजू अर्थशास्त्रज्ञांची. त्यांचं लक्ष उपायांच्या उलट्या परिणामांवर आहे. भारद्वाज, लक्डावाला आणि ली यांनी १९८६च्या कायद्याचा अभ्यास करून दाखवलं की बंदीनंतर मुलांची मजुरी घसरली आणि गरीब घरांतून आणखी मुलं कामाला लागली. व्हिएतनाममधल्या पाच वर्षांच्या अंतराने केलेल्या पाहणीत बीगल आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की मजुरी केलेल्या मुलांचं शिक्षण कमी झालं, पण कमाई वाढली, आणि आरोग्यावर ठळक परिणाम आढळला नाही. अर्थात त्यांच्या आरोग्याच्या व्याख्येत मनाला फारशी जागा नव्हती.

सोबत न्यायचं की मागे ठेवायचं

छत्तीसगडसाठी आणि मराठवाड्यासाठी हा प्रश्न सर्वांत धारदार होतो तो स्थलांतरात. भाताची कापणी आटोपली की जांजगीर-चांपा, महासमुंद, बलौदाबाजार भागांतली कुटुंबं 'कमाए-खाए बर' निघतात. दुर्ग स्टेशनवर गाठोडी, भांडी आणि पोरं घेऊन बसलेले हे जथे भिलाईकरांना नवे नाहीत. मजूर जमवणाऱ्या सरदाराने आगाऊ रक्कम आधीच हातावर ठेवलेली असते. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, ती कुटुंबाच्या नावाने, घरच्या पुरुषाच्या हाती. त्यामुळे मूल कामावर आहे असं कागदावर कुठेच येत नाही. पण ओली वीट उन्हात उलटायला हलका हात लागतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात तेवढा हलका असतो. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीत गणित तेच, शब्द निराळे : मुकादम, उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पहाटे आईबाप फडात जातात आणि पाचटाच्या कोपीवर तान्ह्याला राखायला मोठी बहीण राहते. ती मजूर आहे का? हिशेबाच्या वहीत नाही.

उपाय म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिली, मुलं जिथे जातील तिथे शाळा नेणं. विधायक संसद या संस्थेने १९९५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा सुरू केल्या. साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. दुसरी, मुलांना गावातच ठेवणं. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यानंतर हंगामी वसतिगृहांवर आणि नातेवाइकांकडे ठेवण्यावर भर आला. शिक्षणखात्याच्या दृष्टीने दुसरी वाट सरळ आहे : पटावरचं मूल पटावर राहतं.

मनाच्या बाजूने पाहिलं तर मात्र दोन्ही वाटांना किंमत आहे. सोबत गेलेलं मूल आईच्या डोळ्यांसमोर राहतं, पण वर्षातले पाच-सहा महिने भट्टीच्या राखेत आणि शिव्यांत काढतं, परत आल्यावर वर्गात मागे पडतं. मागे राहिलेलं मूल शिकतं, पण आठ वर्षांच्या वयात सहा महिने आईशिवाय काढतं, थकलेल्या आजीजवळ किंवा वसतिगृहाच्या खोलीत. यांतलं कुठलं दुःख पुढे जास्त खोल जातं, याचा इथल्या मुलांवर, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून केलेला भक्कम अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. धोरणं मात्र ठरून गेली आहेत.

आईबापांशिवाय कामाला निघालेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांवरून पायी परतणाऱ्या जथ्यातली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी बिजापूर जिल्ह्यात, घर जवळ आलं असताना वाटेतच मरण पावली. ती गावातल्या लोकांबरोबर गेली होती. आईवडील घरी होते. बातम्यांनी किलोमीटर मोजले. त्या जथ्यात इतरही मुलं होती. ती मुलं घरी पोहोचली, आणि बातमी तिथे संपली.

बंद दार

अभ्यासकांचं सर्वांत जास्त एकमत ज्या कामाबद्दल होऊ घातलं होतं ते दुसऱ्याच्या घरी राहून केलेलं घरकाम. एकटेपणा, कामाला न संपणारे तास, घरातल्याच मुलांशी रोजची तुलना, आणि जायला दुसरी जागा नसणं. छत्तीसगडला याचा अनुभव कडू आहे. जशपूर-सरगुजा भागांतून मुलींना दिल्लीला नेणाऱ्या प्लेसमेंट एजन्सींमुळे राज्याला २०१३मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींवर नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

पण इथेही चित्र सरसकट नाही. थेरेस हेस्केथ आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये भारत आणि फिलिपिन्समधल्या घरकाम करणाऱ्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. भारतातल्या मुलांची मानसिक-सामाजिक स्थिती शेजारच्या काम न करणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे खालची निघाली. फिलिपिन्समध्ये तसं अंतर दिसलं नाही. तिथली बरीच मुलं कामाबरोबर शाळेत जात होती. काम तेच, अटी निराळ्या. पुढे सहा देशांच्या अभ्यासातून याच गटाने घरकाम मुळातच घातक म्हणता येत नाही, परिस्थिती ते घातक करते, असा निष्कर्ष काढला.

आता आपला कायदा त्याशेजारी ठेवून बघा. चौदा ते अठरा वयाच्या मुलीने कुणाच्या घरी राहून काम करणं बालमजुरीच्या कायद्यात धोक्याचं नाही. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या ७९व्या कलमाखाली पिळवणुकीची तक्रार होऊ शकते, पण त्यासाठी आधी कुणीतरी दार ठोठावावं लागतं. फटाक्याच्या कारखान्यातला सोळा वर्षांचा मुलगा निरीक्षकाला निदान दिसू शकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली मुलगी बाल्कनीत कपडे वाळत घालताना तेवढी दिसते.

भंगार वेचणाऱ्या पोरांबद्दल एकच आकडा देतो. एम्सच्या २०१९च्या व्यसनांच्या राष्ट्रीय अहवालात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं. मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त आढळलेली ही एकच नशा. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणि फडकं एवढंच तिला लागतं. ही नशा मनाच्या दुखण्यातून येते, की भुकेतून, की निव्वळ सोबतीतून, यावर डॉक्टरांत आणि कार्यकर्त्यांत मतभेद आहेत.

जे सुटलेलं नाही

घरच्या धंद्याची सूट हा पहिला तिढा. नियमांनी मुलाला शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम करायला मनाई केली आहे, दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. कागदावर हे मॉर्टिमर यांच्या निष्कर्षांशी जुळतं. पण कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी यांनाही घेतलं आहे, आणि टपरीवर कोण कुणाचा भाचा आहे हे तपासणार कोण? बाजूने बोलणारे म्हणतात, कुंभाराच्या, विणकराच्या, शेतकऱ्याच्या घरात मूल हात लावतच मोठं होतं, ते गुन्हा ठरवू नका. विरोधात बोलणारे म्हणतात, बिडी वळणारं घर हेही घरच असतं. दोन्ही गटांकडे उदाहरणं आहेत. घरच्या कामात मुलाच्या मनाचं काय होतं याचे भारतातले आकडे दोघांकडेही नाहीत. कलाकार मुलांना दिलेल्या मुभेबद्दल तर त्याहून जास्त शांतता आहे. दिवसाला पाच तासांची मर्यादा आणि कमाईचा पाचवा हिस्सा मुदत ठेवीत, हे नियम आहेत. रिॲलिटी शोमधून बाद झालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला रडताना दाखवायचं की नाही, हे नियमांत नाही. हा मध्यमवर्गाचा प्रांत, त्यामुळे तिथे बालमजुरी हा शब्दच कुणी काढत नाही.

दुसरा तिढा मोजणीचा. मुलींचं घरचं काम मोजणीत धरायचं का? आठवड्याला २१ तास किंवा जास्त घरकाम जोडलं की मुलींचं प्रमाण मुलांपुढे जातं, असं २०२५चाच जागतिक अहवाल सांगतो. कोहक्यातली भात रांधणारी मुलगी त्या जास्तीच्या आकड्यात बसते. आपल्या जनगणनेत ती बसत नाही.

तिसरा, सुटकेनंतरचा. धाड पडते, मूल बालकल्याण समितीपुढे उभं राहतं, आठवडा-पंधरवड्यात घरी पोचतं किंवा बालगृहात जातं. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाची विशेष प्रशिक्षण केंद्रं, जी दुर्ग जिल्ह्यातही होती, २०२१-२२च्या सुमारास 'समग्र शिक्षा' योजनेत विलीन झाली. सुटका हीसुद्धा मुलाच्या दृष्टीने एक हादराच असतो : पोलीस, अनोळखी खोली, बुडालेली मजुरी, घरी गेल्यावर बापाचा राग. सुटका झालेल्या मुलाच्या मनाचं सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी काय झालं हे नियमित बघणारी कुठलीही यंत्रणा उभी राहिलेली नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. त्यासाठी हातात फोन आणि खाजगीत बोलायला जागा लागते. १०९८ चाइल्डलाइन त्याहून जुनी, १९९६ची, पण तिचं काम मुलाला सोडवण्याचं.

चौथा तिढा चौदा ते अठरा या वयाचा, आणि माझ्या मते येत्या काळात वाद सर्वांत जास्त इथेच रंगेल. शिक्षण हक्क चौदाला संपतो, बालमजुरीची सरसकट बंदी चौदाला संपते, आणि मानसिक आजारांपैकी अनेकांची सुरुवात याच वयाच्या आसपास होते. या चार वर्षांत काम पूर्ण बंद करावं असं एक मत. प्रशिक्षण, मजुरी आणि संघटनेचा हक्क देऊन ते उघड्यावर आणावं असं दुसरं. भारताने २०१७ साली किमान वयाच्या १३८ क्रमांकाच्या आणि निकृष्ट बालमजुरीविरोधी १८२ क्रमांकाच्या करारांना मान्यता दिली. १८२व्या कराराप्रमाणे धोक्याच्या कामांची यादी सरकारांनी मालक आणि कामगार संघटनांशी बोलून वेळोवेळी तपासायची असते. त्या यादीत मानसिक छळ आणि कोंडून ठेवणं घालायचं ठरलं, तर त्याचा पुरावा निरीक्षकाने कसा नोंदवायचा, याचा नमुना अजून कुणी तयार केलेला नाही.